धूळ बसवणारे सर

"पडायचं कुटं, ते सांगा आधी."

कुठल्याही मैदानात पाऊल ठेवलं की सरांचं हे पहिलं वाक्य. बाकीचे लोक विचारायचे, स्टेज कुठे, पाहुण्यांच्या खुर्च्या कुठे, बॅनर कुठे. सर मात्र हात पाठीमागे बांधून कडेकडेनं चालायला लागायचे. एखाद्या खांबापाशी थांबून त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. "हितं एक पडंल." तीन पावलं पुढे. "हितं दोन." प्लॉट पाडून देत असल्यासारखे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. लग्नाच्या मांडवात शिरल्यावर आधी लोंबणाऱ्या वायरी बघणारा. आपण त्याला हसतो, आणि जेवायला त्याच्याच शेजारी बसतो.

सर मूळचे माळशिरसकडचे, शेतकरी घरातले. सोलापुरातल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक म्हणून जन्म गेला. निवृत्तीनंतर विजापूर रोडला चाकांच्या स्केटिंगचा वर्ग चालवायचे. चाकांवर शिकलेली आपल्याकडची बरीच मुलं पुढे बर्फावरच्या शर्यतींत उतरतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. हिमालयातल्या एका गावात उघड्या रिंकवर बर्फावरच्या शर्यती घ्यायचं ठरलं, बाहेरच्या देशांचे संघ यायचे होते, आणि आयोजनाचं काम सरांकडे आलं. त्यांच्या स्पर्धांत कुणाला लागत नाही, एवढीच त्यांची ख्याती. बर्फ त्यांनी तेव्हा फक्त रसवंतीवर पाहिला होता.

माझं काम पत्रव्यवहाराचं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी बरं होतं. आणि बोलायची भीती वाटायची, त्यामुळे लिहिणं त्याहून बरं. फोन वाजला की मी तो वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायची. सर मला 'इंग्लिश मॅडम' म्हणायचे.

ऐन एप्रिलात, पंखा गरम हवा अंगावर फेकत असताना, मी परदेशी तांत्रिक अधिकारी बाईंना पहिली मेल लिहिली. सर मागे उभे राहून सांगत होते.

"लिही. तुमची पोरं पडतात कुटं?"

"सर, असं कसं लिहू?"

"मग कसं लिहितात इंग्लिशमदी?"

मी लिहिलं, खेळाडू सर्वसाधारणपणे कोणत्या ठिकाणी पडतात ते कृपया कळवावे. मला वाटलं, आता हसतील आपल्याला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात हातानं काढलेला ट्रॅकचा नकाशा होता आणि वळणांवर लाल फुल्या. खाली एक ओळ, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारणारे आयोजक आम्हाला प्रथमच भेटले. सरांनी तो कागद भिंतीवर चिकटवला आणि रोज त्याच्यासमोर उभे राहून दात कोरायचे.

फुल्यांच्या जागी लावायच्या जाड गाद्या सोलापुरातच शिवल्या. गादीवाला वैतागला होता. "सर, गादी झोपायला असती."

"आमची आपटायला."

एवढं म्हणून सरांनी चार पावलं पळत जाऊन खांद्यानं गादीवर स्वतःला झोकून दिलं. वय सत्तरीला टेकलेलं. उठले, खांदा चोळला. "अजून दोन बोटं भर."

हे सगळं गमतीचं नव्हतं, ते मला काकूंकडून कळलं. काकू म्हणजे वर्गातल्या एका मुलाची आजी, आमच्या तुकडीच्या जेवणाखाण्याच्या प्रमुख. खूप वर्षांपूर्वी सरांच्या शर्यतीत एक मुलगी उघड्या लोखंडी खांबावर आपटली. एक डोळा गेला. "अजून दर दिवाळीला तिच्या घरी जात्यात," काकू म्हणाल्या. "ती म्हणती, सर, फराळाचं घ्या की. हे नुस्तं बसून येत्यात."

त्यानंतर मला सरांकडे बघताना हसू यायचं थांबलं. ते घाबरलेले होते. रोज, सकाळपासून. आणि त्यांची ती भीती माझ्या ओळखीची होती, फक्त माझी स्वतःपुरती होती आणि त्यांची दुसऱ्यांसाठी.

डिसेंबरात आम्ही आठजण तिथे पोचलो. त्या थंडीबद्दल काय सांगू? श्वास घेतला की नाकात बारीक काटे टोचल्यासारखं व्हायचं. बोटं कागदाला लागली तरी कळायचं नाही. काकूंनी आणलेलं खोबरेल तेल बाटलीत पांढरं दगड झालं. संघांची राहायची सोय वर डोंगरावरच्या वसतिगृहात होती, आम्ही खाली रिंकजवळच्या विश्रामगृहात. मध्ये एक उताराचा रस्ता, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा दगडी कठडा आणि त्यापलीकडे दरी. सरांनी पहिल्याच दिवशी तो रस्ता दोनदा चालून पाहिला होता.

रिंकवरची माणसं अंधार पडला की पाइपानं पाण्याचा पातळ थर मारायची. तो गोठला की वर दुसरा. सर आठ दिवस ते बघत होते. "नुस्तं पाणी मारायचं, बाकी देव बघतो," म्हणायचे. आम्हा सगळ्यांना त्याचं फार कौतुक वाटायचं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी उन्हं कलताना उताराच्या रस्त्यावर धुळीचा लोट उठला. पाऊस नव्हता, बर्फ पडलेला नव्हता, आणि दिवसभर ट्रक जात होते. सर गाद्या बांधत होते. तिथूनच ओरडले, "मॅडम, टँकरवाल्याला फोन लाव. रस्त्याची धूळ बसवून घे. उद्या पाहुणे यायचेत."

सोलापुरात कुठल्याही कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हे करतातच. मैदानावर, मांडवासमोर, रस्त्यावर पाणी मारायचं. तासाभरात उडून जातं, धूळ तेवढी खाली बसते. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. काकूंनाही नाही.

रिंकला पाणी पुरवणाऱ्या त्या तिथल्या माणसाला मी फोन लावला. टँकरवाला म्हणाला, "मैडम, सड़क पे? अभी?"

"हाँ."

त्यानं पुन्हा विचारलं. "पक्का, मैडम? अभी शाम को?"

माझं हिंदी परीक्षेपुरतं. मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं बोलतेय आणि हा माणूस मनात हसतोय. फोन कधी एकदा खाली ठेवते असं झालं होतं. का विचारतोस, एवढं मला विचारता आलं असतं. सर वीस पावलांवर होते, त्यांनाही विचारता आलं असतं. मी म्हटलं, "हाँ हाँ, अभी," आणि फोन बंद केला.

सकाळी साडेसहाला मी गरम पाणी आणायला बाहेर पडले. दुसऱ्याच पावलाला पाय सटकला आणि मी रस्त्यावर बसले. हात टेकला तर खाली काच. वर पाहिलं. वळणापर्यंत सगळा उतार स्टीलच्या ताटासारखा चमकत होता.

मला ओरडता आलं नाही. सरकत सरकत आत गेले. सर कानाला मफलर गुंडाळत होते.

"सर, रस्ता."

ते दारात आले. वाकून त्यांनी तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. सात वाजता पहिली बस निघणार होती, संघातली मुलंमुली घेऊन. बसच्या ड्रायव्हरला फोन लागेना, वर रेंज नव्हती.

"मी वर जातो. तू रिंकवरच्यांना उठव. राख, माती, जे असंल ते टाकायला लाव."

"सर, तुम्ही कसे जाणार?"

"रांगत."

आणि ते खरंच रांगत गेले. डोंगराच्या बाजूची झुडपं धरत, गुडघे टेकत, मध्येच हातभर खाली घसरत. मी रिंकवरच्या खोल्यांची दारं दोन्ही हातांनी बडवली. शब्द नव्हतेच, मी नुसतं बोट दाखवलं. माणसं शेगड्यांतली राख घमेल्यात भरून धावली, कुणी वाळूची पोती ओढली.

तेवढ्यात वळणावर बसचे दिवे दिसले.

सर वळणाच्या खालीच पोचले होते. ते उभे राहिले, दोन्ही हात पसरून, रस्त्याच्या मधोमध. बसनं ब्रेक दाबला. बस थांबली नाही. ती हळूहळू, आवाज न करता खाली यायला लागली, आणि येताना तिचा मागचा भाग दरीच्या बाजूला वळत गेला. एवढी मोठी गाडी इतकी शांतपणे घसरते, हे माझ्या अजूनही स्वप्नात येतं. काकू शेजारी काहीतरी पुटपुटत होत्या. मग दगडावर पत्रा घासल्याचा आवाज आला आणि बस कठड्याला टेकून थांबली. दोन दगड निसटून खाली गेले. ते तळाला लागल्याचा आवाज मी ऐकत राहिले, तो आलाच नाही.

सर शेवटच्या क्षणी बाजूला पडले होते. उजवं मनगट मोडलं. बसमधल्या कुणाला खरचटलंही नाही.

मुलं एकेक करून उतरली. बर्फाच्या देशातली ती, त्यांना त्या रस्त्याचं काही वाटत नव्हतं. सपाट पाऊल, छोटी छोटी पावलं, बदकासारखी. एका मुलीनं सरांचा डावा हात धरून त्यांना तसं चालायला शिकवत खाली आणलं. सर तिला मराठीत विचारत होते, "तुला लागलं न्हाय ना? खरं सांग." ती हसून मान हलवत होती.

शर्यती उशिरा सुरू झाल्या, पण झाल्या. गाद्यांवर सातजण आपटले आणि सातही उठले. संध्याकाळी चौकशीची बैठक बसली. तांत्रिक अधिकारी बाई, स्थानिक कार्यालयातले दोघं, हात गळ्यात अडकवलेले सर, आणि दुभाषी म्हणून मी.

बाईंनी विचारलं, पाणी मारायला कुणी सांगितलं?

"मी," सर म्हणाले. "आमच्याकडं आदल्या दिवशी धूळ बसवायची पद्धत हाय. माजी चूक. दुसऱ्या कुणाची न्हाय."

मी ते इंग्रजीत सांगितलं. आवाज माझा होता, शब्द त्यांचे होते, त्यामुळे जमलं.

बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, तुम्हाला कुणीच सावध केलं नाही?

मी सरांना विचारलं, "कुणी सावध केलं नाही का, असं विचारतायत."

"न्हाय," सर म्हणाले. त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं.

"नो," मी म्हटलं.

एवढाच शब्द. दुसऱ्या दिवशी काकूंकडून कळलं, कार्यालयातल्यांनी टँकरवाल्याचं काम बंद केलं. इथला माणूस असून बोलला कसा नाही, म्हणाले. मी ऐकलं आणि चहाचे कप गोळा करायला लागले.

सर जुलैत गेले. रात्री झोपेत, कुणाला न सांगता. त्यांच्या घरी माणसांची ही गर्दी होती, आणि मी जिन्यातच उभी राहून परतले. पण मला सांगायचीय ती त्याच्या आधीची, मे महिन्यातली दुपार.

मी स्कूटरवर होते. विजापूर रोडला डांबर मऊ झालेलं. पुढे एक म्हातारा माणूस डाव्या हातात भाजीची पिशवी घेऊन चालला होता. सपाट पाऊल, छोटी छोटी पावलं. त्या उन्हात, कोरड्या रस्त्यावर सर बर्फावरून चालल्यासारखे चालत होते. त्यांची सून म्हणायची, परत आल्यापासून असंच चालतात. मी वळून घरी जाऊ शकले असते. तसं मी आधी दोनदा केलंही होतं.

मी स्कूटर लावली. "सर."

"काय गं इंग्लिश मॅडम, वाळलीस की लई."

"सर, टँकरवाल्यानं मला दोनदा विचारलं होतं. आत्ता पाणी मारू का म्हणून. मी तुम्हाला सांगितलं नाही. आणि बैठकीत पण नाही."

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काय येतंय ते बघायचं धाडस मला झालं नाही, मी पिशवीतल्या शेवग्याच्या शेंगांकडे बघत राहिले.

"मला सांगितलं असतंस," ते सावकाश म्हणाले, "तर मी काय म्हणालो असतो?"

"काय?"

"मार म्हणालो असतो. चाळीस वर्षं मार म्हणतोय." ते खरं होतं, की माझ्यासाठी म्हणाले, ते मला आजही ठरवता येत नाही. मग त्यांचा आवाज बदलला. "पर त्या माणसाचं काय? त्याचं काम गेलं ना गं."

"हो."

"नंबर हाय त्याचा?"

"आहे."

"लाव मग."

"सर, तुम्ही बोलता का?"

"मी कशाला? मला कुटं त्यानं विचारलं हुतं?"

नंबर दोनदा चुकला. घंटा वाजत राहिली तेव्हा मनात आलं, त्यानं उचलूच नये. त्यानं उचलला.

मी नाव सांगितलं, सोलापूर सांगितलं. मग तो म्हणाला, "मैडम, मैंने दो बार पूछा था."

"हाँ," मी म्हटलं. "दो बार पूछा था. मैंने किसी को बताया नहीं. आज सबको लिखूँगी."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. सर शेजारी उभे होते. माझ्या डोक्यावर ऊन येत होतं म्हणून त्यांनी भाजीची पिशवी वर उचलून धरली होती, आता उजव्या, नीट न जुळलेल्या मनगटाच्या हातानं, आणि तो कापत होता तरी ती त्यांनी खाली घेतली नाही.