भागाकार काका आणि तेवीस माणसं

दरवर्षी लॉन्ड्रीतल्या माणसांचा ग्रुप फोटो काढायला येणाऱ्या फोटोग्राफरचं खरं नाव तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना भागाकार काकाच म्हणत. ग्रुप फोटोत प्रत्येक ओळीत माणसं सारखीच हवीत, हा त्यांचा हट्ट. एखादी ओळ लंगडी पडली, तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे.

"संयुक्त संख्या म्हणजे गुणाची पोरं," ते सांगत. "बारा जणांना चार-चारच्या ओळीत उभं करा, मुकाट राहतात. मूळ संख्या मात्र महा हेकट. तेरा जण आले, की एका रांगेत उभे राहतील, नाहीतर अडून बसतील!"

असा हेकट आकडा आला, की काका एकाला बाजूला काढत. लॉन्ड्रीत ते पहिल्यांदा आले तेव्हा सतरा जण होते, गेल्या वर्षी एकोणीस. दोन्ही वेळा इस्त्रीवाल्या मावशी आपणहून बाजूला झाल्या होत्या.

यंदा मावशींचा कामाचा शेवटचा दिवस. काकांनी वाळत घातलेल्या चादरी सरकवून कॅमेरा उभा केला आणि डोकी मोजली. तेवीस.

"दोननं जात नाही, तीननं जात नाही. पाच पंचे पंचवीस, म्हणजे पुढं बघायलाच नको." त्यांनी कपाळाला हात लावला. "मूळ संख्या!"

"मी होते की बाजूला," मावशी म्हणाल्या. "मला सवय आहे."

उरलेले बावीस जण अकरा-अकराच्या दोन ओळींत उभे राहिले. चित्र झकास दिसत होतं, पण काकांचं बोट काही बटण दाबेना. जिनं इथं हयात काढली ती एकाही फोटोत नाही, आणि उद्यापासून ती इथंही नसणार. काकांना स्वतःचीच लाज वाटली.

"मावशी, या इकडं. अगदी मधोमध."

"अहो, मग आकड्याचं काय?"

"एक घटवायचा कशाला? एक वाढवू."

"आणि तो आणणार कुठून? मळक्या कपड्यांच्या ढिगातून?"

काकांनी सगळ्यांना आठ-आठच्या तीन ओळींत लावलं, मागच्या ओळीच्या टोकाला एक जागा मोकळी ठेवली, टायमर लावला आणि त्या जागेकडं जी धूम ठोकली!

फोटोत काकांचे डोळे मिटलेले, तोंड उघडं. मावशी पोट धरधरून हसताहेत.

"पुन्हा काढू," काका ओशाळून म्हणाले. "माझं ध्यान बघा काय आलंय!"

"खबरदार! मला हाच पाहिजे," मावशी म्हणाल्या. "नातवाला नुसतं सांगत आले, मी तिथं काम करते म्हणून. आता दाखवता येईल."