कोंबडीची अकरा पिसं

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो! शाईचा डबा संपला म्हणून आपण फेकायला उचलतो, आन् झाकणाच्या कडेला बघावं तर बोटभर शाई वाळून बसलेली असते. तसंच हे. आमचं दुकान बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. तिथं आता मोबाईलची कव्हरं विकतात. तरी जुनी टाळकी चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, "बबन, ती कोंबडी सांग रे!" मग काय, सुटतो मी.

तर दुकान शिरूरचं, स्क्रीन प्रिंटिंगचं. मालक आप्पा. पुढच्या खोलीत दुकान, मागं घर. लग्नपत्रिका, स्टिकर, पिशव्या, गोण्या, गिऱ्हाईक म्हणेल ते छापायचं. मी जवळच्या निमोणे गावचा. सणसवाडीच्या कंपनीतलं कंत्राटी काम सुटलं म्हणून दोन महिन्यांसाठी आप्पांकडं गेलो आणि अकरा वर्षं तिथंच, चौकटीवर ताणलेल्या छपाईच्या जाळीवरनं शाई ओढत बसलो.

तिसरं माणूस म्हणजे मालनवैनी, आप्पांची बायको. त्यांचा छपाईशी काडीचा संबंध नव्हता. म्हणजे दौंडचे शर्ट होईपर्यंत नव्हता!

*

दौंड हे वैनींचं माहेर. त्यांचा धाकटा भाऊ सुभाष तिथल्या जयंती मंडळाचा अध्यक्ष. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. सुभाषनं लेझीम पथकाचे साठ पांढरे शर्ट आप्पांकडं छापायला दिले. छातीवर आणि पाठीवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. घरचं काम, मनातलं काम! आप्पांनी एक पैसा नफा धरला नाही. एकेक शर्ट असा छापला की बघत राहावं.

चौदा एप्रिलला आम्ही तिघंही मिरवणुकीला गेलो. उन्हाचा कडाका, हलगी कडकडतेय, पोरं बेभान नाचतायत. अर्ध्या तासात घाम सुटला आणि घामाबरोबर शाईही सुटली. अक्षरं वितळून कमरेपर्यंत आली. सुभाषनं शर्टाचं टोक वर धरून तोंड पुसलं, तर तोंड निळं. वाटेवर एक म्हातारी उभी होती. ती मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, पोरं काय निळीच्या टाकीत बुचकाळून आणली का!"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. सुभाष चिडलासुद्धा नाही, आणि तेच वाईट झालं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "दाजी, पुढच्या साली आम्ही पुण्यावरनं आणतो. तुम्हाला तरी कशाला तरास."

परतीच्या एसटीत आप्पा एवढंच बोलले, "माझ्या हातानं 'जय भीम' पुसलं गेलं, बबन." आणि शपथ घातल्यासारखं म्हणाले, "न उतरणारी शाई घावल्याबिगर मी आता ह्ये नाव छापणार न्हाई."

वाटेत न्हावऱ्याच्या स्टँडवर एसटी थांबली. तिथं वैनी एकदम म्हणाल्या, "आता शाई मी बघते!"

*

वैनींचं बघणं म्हणजे धुणं. मागच्या दारी एक दगड होता. त्या दगडावर वैनींनी कापड आपटलं की पुढच्या खोलीत आमची फ्रेम हलायची! नियम ठरला. नवी शाई आली की पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर छापायची, वाळवायची आणि वैनींकडं द्यायची. सात धुणी झाली की निकाल.

आता छापायचं काय? 'जय भीम' तर छापायचं नाही. एका पोल्ट्रीवाल्यानं स्टिकरसाठी करून घेतलेली एक जाळी पडून होती. त्याचा बेत बदलला, जाळी आमच्याकडं राहिली. तिच्यावर कोंबडी. शेपटाला बारीक बारीक अकरा पिसं. शाई जरा जरी पसरली किंवा उतरली तरी पहिली जायची ती पिसं. वैनी धुतलेला तुकडा उजेडाला धरायच्या आणि मोजायच्या.

"चार!"

"अवो, सकाळी तर धा व्हती," आप्पा कळवळायचे.

"सकाळी पहिलं धुणं व्हतं. आता तिसरं झालं."

कुठल्या कंपनीची शाई ते कळावं म्हणून वैनी तुकड्याच्या कोपऱ्यावर बॉलपेननं नाव लिहायच्या. गंमत ऐका. सात धुण्यांनंतर कोंबडी जायची, बॉलपेन तसंच! एकदा वैतागून आप्पा म्हणाले, "बबन, उद्यापास्नं शर्ट बॉलपेननंच काढू आपण."

*

नापास तुकडे वाया जायचे नाहीत. त्यांची फडकी व्हायची. टेबल, काच, खुर्च्या सगळं त्यानंच पुसायचं.

मुंबईहून मेहता नावाचा शाईचा एजंट यायचा. सफारी घातलेला, हातात शेड कार्डांची बॅग. एकदा आला तो थेट सुरूच झाला, "आप्पासाब, हमारा ब्लू पूरे महाराष्ट्र में नंबर वन है. कपडा फटेगा, कलर नहीं जाएगा!"

आप्पा म्हणाले, "बसा शेठ." आणि फडक्यानं खुर्ची पुसायला लागले. मेहताची नजर फडक्यावर गेली. कोपऱ्यावर त्याच्याच कंपनीचं नाव. कोंबडीचं नावनिशाण नाही.

"ये... ये हमारा है?"

मागच्या दारातनं वैनी म्हणाल्या, "तुमचंच हाय. पुसायला लई बरं हाय!"

पण माणूस चिवट. पुढच्या खेपेला तो वैनींसाठी परदेशी साबणाची पावडर घेऊन आला. खास वैनींसाठी! "भाभीजी, आपका हाथ बहुत सख्त है. इससे धोइए, प्यार से धोइए."

वैनींनी डबी हातात घेतली, हुंगली, परत दिली. म्हणाल्या, "वास चांगलाय. पण दौंडच्या पोरांच्या आया ह्यानं धुत्यात व्हय?"

मेहता पुढं दोन वर्षं दुकानात पाऊल टाकायच्या आधी बाहेरूनच विचारायचा, "मॅडम है क्या?"

*

दर एप्रिलला वैनी माहेरी जायच्या आणि पुण्याहून छापून आलेले शर्ट बघून यायच्या. आल्या की पिशवी टेकवून थेट दगडाकडं जायच्या. आप्पा नवा तुकडा छापायला घ्यायचे. शिरूरची पोरंसुद्धा जयंतीचे शर्ट घेऊन यायची, आप्पा हात जोडून त्यांना दुसरीकडं धाडायचे. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत दुकानात बसणं मला जड जायचं. मी म्हणायचो, "आप्पा, छापा की! कोण धुऊन बघतंय?" ते वैनींच्या दगडाकडं बोट दाखवायचे.

*

बाकीची कामं जोरात होती म्हणा. वडगाव रासाईचे एक आबा होते, मोठे बागाईतदार. त्यांना कांद्याच्या गोण्यांवर लाल शाईत आपलं नाव पाहिजे होतं. घाईचं काम, आभाळ भरलेलं, हवेत ओल. मी म्हणालो, "आबा, एक दिवस वाळू द्या."

"कांदा सडंल का माझा, तुझी शाई वाळस्तोवर?" असं म्हणून आबांनी गोण्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं आबांची जीप थांबली. आप्पांनी ओळखलं की शाईनं घात केला. ते हात जोडूनच पुढं झाले. "आबा, चूक झाली. गोण्या परत छापून देतो."

"अहो, ऐका तर! हमालांनी गोण्या पाठीवर घेतल्या आन् माझं नाव उठलं की त्यांच्या बंड्यांवर! वीस माणसं दिवसभर माझं नाव पाठीवर घिऊन मार्केटात फिरली!"

आप्पा चाचरत म्हणाले, "पण आबा, ते उलटं उठलं असंल."

"उलटं असलं म्हणून काय झालं? नाव तर माझंच हाय! सोसायटीच्या इलेक्शनला हीच शाई ठिवा माझ्यासाठी!"

*

पाच-सहा वर्षं अशीच गेली. आमच्याकडं सतरा कंपन्यांची फडकी झाली. दुकान इतकं स्वच्छ तालुक्यात दुसरं नसेल!

मग एकदा सणसवाडीहून मिश्राजी आले. बिहारचा माणूस, कंपनीत कामाला, पण आधी सुरतेला कापडाच्या छपाईत बरीच वर्षं काढलेली. भावाच्या लग्नाच्या पत्रिका छापायला आले होते. दोरीवर वाळणाऱ्या फिक्या कोंबड्या बघून म्हणाले, "ये क्या मुर्गीखाना खोला है?"

आप्पांनी सगळी कथा सांगितली. मिश्राजींनी शांतपणे विचारलं, "फिक्सर डालते हो?"

"वो क्या होता है?"

"और छापने के बाद आँच दिखाते हो?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी आप्पांकडं. मिश्राजींनी कपाळाला हात लावला. "अरे भाई, कच्ची रोटी पानी में डालोगे तो घुलेगी ही! स्याही पक्की करनी पडती है. फिक्सर मिलाओ, सूखने दो, फिर गरम इस्त्री मारो."

म्हणजे शाई बिचारी निर्दोष! आप्पा मटकन खुर्चीत बसले. "मालन, अगं, आपण इतकी वर्षं उगाच शाईला नावं ठिवली. दोष आपलाच व्हता."

मला वाटलं, आता ह्या बाईही खचणार. वैनींनी पदर खोचला. म्हणाल्या, "मंग आता सतराच्या सतरा परत धुवाव्या लागत्याल!"

शेजारच्या लाँड्रीतनं कोळशाची इस्त्री आणली. पहिली कोंबडी आप्पांनी इतकी दाबली की कापड करपलं, धूर निघाला. वैनींनी तुकडा वर धरून निकाल दिला, "पिसं अकरा हायत. पण कोंबडी शिजली!"

*

आता शेवटचा सांगतो.

सतरांतल्या दोनच शाया शेवटपर्यंत टिकल्या, आणि दोघींत एक वरचढ ठरली. तिच्या सातव्या धुण्याच्या दिवशी आप्पांनी सुभाषला दौंडहून मुद्दाम बोलावून घेतलं. जयंतीला दीड महिना होता. सुभाष येऊन बसला. वैनींनी पिळलेला तुकडा आणला, झटकला, उजेडाला धरला.

"अकरा!"

आप्पांचे डोळे भरले. पण सुभाष अध्यक्ष होता, एकदा पोळलेला होता. तो तुकडा बोटांनी चोळत म्हणाला, "दाजी, सात धुणी ठीक हायत. पण आमची पोरं शर्ट चार-चार वर्षं घालत्यात. लांबच्या टिकण्याचं काय?"

चार वर्षं जुनं, टिकलेलं असं काही आम्ही छापलंच कुठं होतं? आप्पा उठले आणि जुना एखादा नमुना सापडतो का म्हणून मागच्या खोलीत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. उचकापाचक चालली. वैनी मोरीत बादली भरत होत्या.

आणि आप्पा ओरडतच बाहेर आले. "घावला! सुभाष, ह्यो बघ! ह्यो बघ!"

हातात एक पांढरा रुमाल. त्यावर निळी नक्षी, कालच छापली असावी अशी निळीगर्द. "माझी सगळ्यात पहिली छपाई हाय ही! पुण्याला काम शिकत व्हतो, तवाची. आमच्या लग्नाचं साल. पंधरा वर्षं झाली! फिक्सर न्हाई, इस्त्री न्हाई, आन् शाई बघ! तसूभर हललेली न्हाई!"

सुभाषनं रुमाल हातात घेऊन बघितला. "खरंच की! दाजी, मंग ह्याच शाईत छापा ना! कुठली हाय ही?"

"डबा आठवत न्हाई आता, पण शोधून काढू!" आप्पांच्या अंगात वारं शिरलं होतं. "थांब, तुझ्या डोळ्यांम्होरं धुऊनच दावतो!" ते तरातरा मोरीकडं गेले, रुमाल बादलीवर धरला.

वैनींनी झडप घालून तो काढून घेतला.

"ह्याला पाणी लावायचं न्हाई!"

ज्या बाईनं सतरा कंपन्यांच्या कोंबड्या दगडावर आपटल्या, त्या बाईनं रुमाल छातीशी घट्ट धरला होता.

सुभाष म्हणाला, "ताई, अगं पंधरा वर्षांत एकदा तरी धुतला असशील की?"

वैनींनी पदराला हात कोरडे केले आणि त्या रुमालाची घडी घालू लागल्या. तेव्हा मला ती नक्षी नीट दिसली. ती नक्षी नव्हती, अक्षरं होती. जाळी पालथी पडल्यामुळं उलटी उठलेली, आरशात धरली तरच वाचता येतील अशी वैनींच्या नावाची तीन अक्षरं. शिकाऊ छापणाऱ्याची चूक.

सुभाषनं बहिणीकडं बघितलं. मग उठला, चप्पल घातली आणि दारातनं म्हणाला, "दाजी, साठ शर्ट. कोंबडीवाल्या शाईत. मापं मी उद्या धाडतो."

आप्पांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष दौंडच्या शर्टांवर नव्हतं. ते वैनींजवळ जाऊन खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, पण त्यो उलटा छापलाय. फेकून दे म्हणलं व्हतं ना मी तवाच."

वैनी पेटीकडं निघाल्या होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, "मला येतो वाचता."