चेंडूवर नजर

नातीने टेनिसच्या चेंडूंचा नवा डबा उघडला. रबराचा तो वास नाकात शिरला आणि माझा ओठ ठणकला. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी.

एकाहत्तर साल असावं. राहात्याजवळच्या साखर कारखान्यात वडील इंजिनिअर होते. कॉलनीत शेणाने सारवलेलं टेनिस कोर्ट होतं. चेंडू अंगावर आला की मी डोळे मिटायची, आणि वडिलांना ते खपत नसे. एका संध्याकाळी त्यांनी मला जाळीपाशी उभं केलं आणि पलीकडून सगळ्या ताकदीने चेंडू हाणायला लागले. "रॅकेट पुढे धर! मनगट घट्ट! चेंडूवर नजर!" एक चेंडू खांद्यावर बसला, एक बरगडीत. तिसऱ्याने ओठ फुटला. हवेत मळीचा आंबूस वास आणि तोंडात रक्ताची खारट चव.

कोर्ट सारवणारी गयाबाई कडेला बसली होती. ती ओरडली, "सायेब, पोरगी हाय ती, भिंत न्हाई!"

वडिलांनी पुढचा चेंडू आणखी जोरात मारला. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. रॅकेट मागे न नेता नुसती पुढे ढकलली. चेंडू सरळ जाऊन त्यांच्या नाकावर आदळला. सदरा रक्ताने भिजला, तरी ते हसत म्हणाले, "शाब्बास! आता बघायला लागलीस चेंडूकडे."

गयाबाईने शेणाचा गोळा घेतला आणि जाळीच्या दोन्हीकडचं रक्त सारवून टाकलं.

वडील हा किस्सा मरेपर्यंत कौतुकाने सांगायचे. मीही मान डोलवायची. आता नात विचारते, "आजी, चेंडूवर नजर कशी ठेवायची गं?"

तिला काय सांगू? त्या दिवशी माझी नजर चेंडूवर नव्हतीच. त्यांच्या नाकावर होती.