शंखांच्या खचावरचा भारद्वाज

परवा कुंडीतली माती उकरताना गोगलगाईचा रिकामा शंख हाती आला आणि बायकोचा सातवा महिना आठवला. आधीची दोन मुलं जगली नव्हती. यावेळी भारद्वाज दिसला तर सगळं सुखरूप होईल, असं ती धरून बसली होती. पोटुशी बाई नदी ओलांडत नाही, म्हणून मी एकटाच गंगेपलीकडच्या झाडीत तीन दिवस हिंडलो. नाववाला म्हणायचा, "पंडितजी, जहाँ घोंघा, वहाँ महोख." घोंघा म्हणजे गोगलगाय; महोख कोण, ते मला ठाऊक नव्हतं. मी ताडकन म्हणायचो, "हमको महोख नहीं, भारद्वाज चाहिए!" तिसऱ्या दिवशी त्यानं मला हाताला धरून बांबूच्या बेटाखाली नेलं. तिथं गोगलगाईंच्या फुटक्या शंखांचा खच होता, आणि वर तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा काळा पक्षी घुमत होता. हुबेहूब तिनं सांगितलेला. त्याचा महोख म्हणजेच माझा भारद्वाज! घरी येताच ती म्हणाली, "अहो, पाहिलात ना? मग पापण्या नका मिटू." माझ्या डोळ्यांतच त्याचं दर्शन घेत तिनं हात जोडले. आज ती नाही. त्यावेळी झालेली मुलगी परवा तो शंख बघून म्हणाली, "बाबा, महोख आला असेल." मी म्हटलं, "भारद्वाज म्हण."