महानंदा सिस्टरांचा संस्कृतीचा तास

महानंदा सिस्टरांना परदेशी पोरींचा तिटकारा होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या. लपवायचा कशाला? दुष्काळात नेकनूरच्या बाजूचा ऊस उभा जळाला, सहकारी कारखान्याचं धुराडं थंड पडलं, तेव्हा चेअरमन सुंदररावांना नर्सिंग कॉलेज सुचलं. ऊस नाही तर पोरी गाळा. भूतानच्या आल्या, टांझानियाच्या आल्या, आणि त्यांच्या फीवर कारखान्याचा दवाखाना चालू लागला. सिस्टरांचा पगारही त्यातूनच निघायचा, पण ते कोण ध्यानात ठेवतो!

त्यात तपासणी निघाली. परदेशी विद्यार्थिनींना इथल्या माणसांच्या चालीरीती कळतात का, हे मोठे साहेब वॉर्डात येऊन बघणार होते. शिकवायचं काम अर्थातच सिस्टरांकडे. त्यांनी शिकवलं काय, तर टिकली लावा, वाकून नमस्कार करा, म्हातारीला आजी म्हणा. झाली संस्कृती! भूतानच्या पोरी मुकाट टिकल्या लावून हिंडायच्या. टांझानियाची नीमा तेवढी विचारायची, हे कशासाठी? सिस्टरांना त्याचीच चीड. हिला काय डोंबल कळणार आपल्यातलं, असं त्या तिच्या तोंडावर म्हणायच्या.

अशात लिंबागणेशची मल्लम्मा दाखल झाली. छाती भरलेली, मुलगा पुण्याला, शेजाऱ्यांनी आणून टाकलेली. एक्स-रेच्या आधी सिस्टरांनीच तिच्या अंगावरचं सगळं उतरवलं. पाटल्या काढल्या, गळ्यातल्या दोऱ्याची चांदीची डबी काढली. डबीवर म्हातारीने मूठ आवळली होती. मिळंल की माघारी, असं म्हणत सिस्टरांनी बोटं सोडवली आणि सगळं कपाटात कुलूपबंद केलं. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. टँकर आला की निम्मा दवाखाना घागरी घेऊन पळायचा, सिस्टर सगळ्यांच्या पुढे. डबी कपाटातच राहिली.

मल्लम्माने त्या दिवसापासून तोंड मिटलं. शब्द नाही, पेज नाही, दूध नाही, पाण्याचा घोट नाही. सलाईन तेवढं चालू, पण शीर सापडेनाशी झाली. तिची देखभाल नीमाकडे होती, मग काय, सिस्टरांना कारण आयतंच सापडलं. म्हातारी जुन्या वळणाची, ह्या काळ्या पोरीच्या हातचं कशी घेईल! त्यांनी स्वतः चमचा धरून पाहिला, तेव्हाही मल्लम्माने तोंड फिरवलं. तरी खापर नीमावरच. म्हणे पोरीने आधीच भांडं बाटवलं. सुंदररावांनी निकाल देऊन टाकला. साहेबांसमोर म्हातारी अशीच उपाशी दिसली, तर ह्या पोरीला तिच्या देशात परत धाडायचं. सिस्टरांना मनातून बरंच वाटलं.

तपासणीच्या सकाळी मल्लम्माच्या खाटेपाशीच नीमा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. टिकली लावली नव्हतीच.

"सिस्टर, आजी रोज सकाळी डावा हात असा छातीसमोर धरते, आणि हाताकडे बघत बसते. हातात काहीच नाही. तिथे काय असतं?"

सिस्टरांचा हात कपाटाच्या किल्ल्यांकडे गेला. त्या स्वतः लिंगायताच्या लेक. त्यांचे वडील रोज पहाटे गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पुजायचे, त्याआधी चहाचा घोट घ्यायचे नाहीत. सिस्टरांनी नोकरीत अडचण होते म्हणून आपलं लिंग कधीच उतरवून ट्रंकेत टाकलं होतं. त्या डबीत काय आहे हे अख्ख्या वॉर्डात एकट्या त्यांनाच कळायला हवं होतं, आणि त्यांनी ती पाटल्यांबरोबर कोंबली होती. लिंग गेलं की जीवही ठेवायचा नाही, असं मानणारी ती पिढी. म्हातारी रुसली नव्हती. मरायला बसली होती.

कपाटातली डबी घेऊन त्या धावल्या. मल्लम्माने डबी कपाळाला लावली, डोळ्यांतून धारा लागल्या. नीमाने तांब्याभर पाणी आणलं. म्हातारीने तळहातावर लिंग ठेवून त्यावर पाणी घातलं, पूजा पुरी केली. तोवर सुंदरराव साहेबांना घेऊन खाटेपाशी पोचले होते. सिस्टरांनी झटकन पेला भरला आणि साहेबांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ह्या परदेशी पोरींना आपल्यातलं काय कळतंय, आजी, घ्या पाणी.

मल्लम्माने पेला घेतला नाही. ती सिस्टरांच्या उघड्या गळ्याकडे बघत राहिली.

"कुणाची गं तू?"

"आष्टीच्या विरुपाक्षअप्पांची."

"म्हंजे आपल्यातलीच हायेस." म्हातारीला धाप लागली, पण ती थांबली नाही. "तिला ठावं न्हवतं, म्हणून तिनं इचारलं. तुला तर ठावं हुतं, बाई. दे तो पेला तिच्याकडं."

साहेब बघत होते, सुंदरराव बघत होते. सिस्टरांनी पेला नीमाच्या हातात दिला, आणि मल्लम्मा तिच्या हातून घोट घोट पाणी प्याली.