देगलूरची पावडर

आई लवकर गेली, त्यामुळं मला वाढवलं ते थोरल्या बहिणीनं. आक्का लातूरला अंगणवाडीत होती. तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मी लोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. ऑपरेशन झालं, मग किमो सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी मी एसटीनं लातूरला जायचो आणि सलाईन संपेपर्यंत तिच्या उशाशी बसायचो.

दुसऱ्या किमोनंतर तिची पार रया गेली. तोंडाला चव नव्हती, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. शाळेतला एक सहकारी म्हणाला, "देगलूरला एकजण झाडपाल्याची पावडर देतो. लई जणाला गुण आलाय सर."

रविवारी मी देगलूर गाठलं. डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. यात काय काय आहे, असं विचारल्यावर तो माणूस म्हणाला, "सगळं जंगलातलं हाय, त्रास काहीच न्हाई." तेवढ्यावर माझं समाधान झालं. विषारी धोतराही जंगलातच उगवतो, हे मीच सातवीच्या पोरांना शिकवत होतो.

"डॉक्टरीणबाईला विचारलास का?" डबा हातात घेत आक्कानं विचारलं.

"हाव," मी म्हणालो. विचारलं नव्हतं.

ती महिनाभर कोमट पाण्यातून ती पावडर घेत राहिली. चौथ्या किमोला गेलो तेव्हा तिचे डोळे पिवळट दिसत होते. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा पाहिला.

"लिव्हरवर सूज आहे. आज किमो देता येणार नाही. आणखी काही घेताय का? काढा, चूर्ण?"

"नाही मॅडम," मी घाईनं बोललो.

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यांना म्हणाली, "एक पावडर घेऊन राहिले मी. माझी मीच मागवली. ह्याला माहीत न्हाई."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "किमोच्या औषधाचाही भार लिव्हरवरच असतो, मावशी. त्यात अशी पावडर पडली की काय होईल, कुणालाच सांगता येत नाही. झाडपाल्याचं असलं तरी आधी विचारत जा."

पावडर बंद झाली. किमो पाच आठवडे थांबली. परतताना ऑटोत मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"मास्तर हायस तू," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

पुढं कमी मात्रेत किमो पूर्ण झाली. पण वर्षभरानं आजार हाडात उतरला आणि आक्का गेली. नंतर एकदा मी एकटाच डॉक्टरीणबाईंना भेटलो, सगळं खरं सांगितलं. त्या पाच आठवड्यांमुळंच असं झालं का, हेही विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. हो म्हणाल्या असत्या तरी मला चाललं असतं.

त्याच दिवशी दाजींनाही, आक्काच्या यजमानांना, सांगितलं. ते उठून आत गेले. आता बोलतात माझ्याशी, पण कामापुरतंच.