कोंडाईबारीच्या उतारावर तांब्याचा पाइप

"दुसरा ड्रायव्हर देखा, डाक्टरसाहेब. घाटमा गाडी रडस," असं म्हणून दगडूनं किल्ली बोनेटवर ठेवली.

दगडू मूळचा कोरीटचा. नवापूरच्या डॉक्टरांची गाडी तो चालवायचा. मी नवापुरातल्याच एका गॅरेजात मेकॅनिक होतो. महायुद्धाचे दिवस. स्पेअर पार्ट मिळायची मारामार.

"रडते म्हणजे?" मी विचारलं.

"माणूस तोंड दाबीसन रडस ना, तशी. मंग ब्रेकनं पेडल दाबं का खालेच जास." तो हळूच म्हणाला, "नथू तठेच मरना. त्यानाच आवाज शे."

नथू हा आधीचा ड्रायव्हर. कोंडाईबारी घाटाच्या उतारावर, एका वळणावर, ब्रेक गेले आणि गाडी नाल्यात उतरली. तो जागीच गेला. डॉक्टरांनी बाहेरगावी गाडी दुरुस्त करून घेतली होती.

"भुताखेताचं मी मानत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण परवा त्याच वळणावर पेडल खाली गेलं. मी मागून हात घालून हँडब्रेक ओढला, म्हणून वाचलो."

मी पेडल दाबून पाहिलं. घट्ट. ब्रेकचं तेल पूर्ण. गळती कुठेच नाही. मग दगडूला शेजारी बसवलं, स्टिअरिंग स्वतः धरलं आणि घाट चढून परत फिरलो.

भर दुपार होती. पानसुद्धा हलत नव्हतं. वळण जवळ आलं तसा दगडू ताठ झाला. मग मलाही ऐकू आलं. बारीक, कोंडलेला हुंदका. पायाखालून येतोय असं वाटलं. मी ब्रेक दाबला. पेडल अलगद तळाला टेकलं.

पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, चाकं डोंगराच्या बाजूला घासली. गाडी थांबली. गाडीखाली सरपटलो. मागच्या चाकांकडे जाणारा पाइप तेलानं ओला होता. पुसला, तर केसाएवढी चीर दिसली.

पाइप तांब्याचा होता, त्या बाहेरगावच्या दुरुस्तीत लावलेला. आपण पेडल दाबतो तेव्हा तो जोर तेलातून, या पाइपांतून, चाकांपर्यंत जातो. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तांबं हातानं वाकतं, गंजत नाही, म्हणून लावायला सोपं. पण सतत हादरे बसले की ते कडक होतं आणि तडकतं. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. उभ्या गाडीत ही चीर मिटलेली राहायची. उताराच्या खडबडीत रस्त्यावर जोर आला की उघडायची.

हँडब्रेकवर रखडत गॅरेजात आलो.

"नवा तांब्याचा पाइप पडला आहे, तोच लाव," गॅरेजचे मालक, आमचे शेठ म्हणाले.

"पोलादाचा लागेल, शेठ."

"पोलाद गंजतं."

"गंजतं, पण दिसतं. वेळेवर बदलता येतं. तांबं सांगून तुटत नाही."

"आणणार कुठून?"

"सुरतेहून. तोवर गाडी उभी राहील."

शेठ चिडले. डॉक्टर मात्र म्हणाले, "उभी राहू द्या. मी बैलगाडीनं जाईन."

सुरतेहून रेल्वेनं पाइप आला. दुहेरी पत्र्याचा, आतून स्वच्छ. सांध्यातून तेल गळू नये म्हणून त्याची तोंडं फुलवून बसवली. हादरे कमी बसावेत म्हणून जागोजागी क्लिपा मारल्या. मग डॉक्टरांना मागे बसवून आम्ही पुन्हा घाटात गेलो. या वेळी दगडूनं गाडी घेतली.

वळणावर त्यानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. तेवढ्यात पुन्हा तोच हुंदका ऐकू आला.

"इंजिन बंद कर," मी म्हणालो.

त्यानं बंद केलं. सगळं शांत झालं. हुंदका चालूच होता. आता तो पायाखालून येत नव्हता. खालच्या नाल्यातून येत होता.

वारा नव्हता. पाणी आटलेलं होतं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर वाकून नाला पाहिला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "चला."

दगडूनं नाल्याच्या दिशेनं हात जोडले आणि इंजिन सुरू केलं. "रडू द्या त्याले," तो म्हणाला. "ब्रेक लागस ना, बस."

त्यानंतर ती गाडी कित्येक वर्षं त्या घाटातून गेली. ब्रेक एकदाही सुटले नाहीत. पाइप बदलताना सोय बघू नये, धातू बघावा, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. बाकीचं मेकॅनिकच्या कामात येत नाही.